नव्या सिगारची चव शौकीन कशी सांगतात, आणि आपल्या मसाल्याने त्यातून काय घ्यायचं



या आठवड्याच्या व्हिडिओचं नाव वाचून काही जणांनी विचारलं, "सर, धंद्याच्या चॅनलवर सिगार कशाला?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितोय.

पडेगावात आमच्या बॅचला जे लोक येतात, त्यांच्यात खाण्याच्या वस्तू करणारे बरेच असतात. मसाले, लोणची, चिवडा, चहा मसाला, पापड. यातले बहुतेक जण कधी ना कधी ठरवतात की आता एक 'प्रीमियम' माल काढायचा. भाव जास्त, पॅकिंग भारी. मग शेजारी-पाजारी, नातेवाईक, छावणीतले दोन दुकानदार यांना सॅम्पल दिलं जातं. सगळे म्हणतात, "छान आहे हो! मस्तच झालंय." त्या 'मस्त'च्या भरवशावर हजार पाऊच छापून येतात. पहिल्यांदा ओळखीने माल जातो, दुसऱ्यांदा कोणी मागत नाही. घरात पाऊचचे गठ्ठे आणि डोक्यावर बचत गटाचा हप्ता. असे गठ्ठे मी बऱ्याच घरांत बघितलेत.

इथे चूक बहुतेक वेळा मालात कमी आणि विचारण्यात जास्त असते. म्हणून मी असा ग्राहक शोधत होतो, जो चवीबद्दल 'छान आहे'वर थांबत नाही. तो सापडला सिगारच्या शौकिनांमध्ये. नवा महाग सिगार बाजारात आला की ही मंडळी एकाच सिगारसोबत तास-दीड तास बसतात आणि तो सुरुवातीला कसा लागला, मध्ये कसा, शेवटी कसा, हे वेगवेगळं टिपून ठेवतात. त्यांची ही पद्धत आपल्या कामाची आहे. त्यांचं व्यसन नाही.

ते आधीच स्पष्ट करतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शरीरात जातं, आणि तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. मोठ्या सिगारमध्ये कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. शिवाय २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने (कोटपा) आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे, १८ वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत विक्रीलाही बंदी आहे. म्हणून या लेखात कुठल्याही सिगारची शिफारस नाही. माझ्या दुकानातही तंबाखू मिळत नाही.

सिगारमध्ये चव येते कुठून?

आधी वस्तू समजून घेऊ. हाताने वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात. आतला भरणा, तो बांधून ठेवणारं पान, आणि सगळ्यात बाहेरचं देखणं पान. भरण्यात रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. क्यूबात खालच्या पानांना व्होलाडो म्हणतात, ती नीट जळतात. मधली सेको, त्यांना सुगंध असतो. वरच्या पानांना ऊन जास्त लागतं, ती लिगेरो. जाड, कडक, हळू जळणारी. म्हणून लिगेरो बरोबर मधोमध ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मसाल्याचा हिशोबच झाला: एक जिन्नस तिखटाला, एक वासाला, एक दाटपणाला.

पानं तोडली की वाळवतात आणि मग त्यांचे ढीग रचतात. ढिगाच्या आत आपोआप उष्णता तयार होते, पानं मुरतात, अमोनियाचा उग्र वास निघून जातो. ढीग अधूनमधून वरखाली करावा लागतो, नाहीतर आतली पानं करपतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं. घाई केलेला सिगार तोंडात उग्र लागतो. लोणचं मुरायच्या आधी बरणीतून काढलं तर जे होतं, तेच.

हे सगळं परदेशातलंच आहे असंही समजू नका. आपण ज्याला 'चिरूट' म्हणतो तो शब्द तमिळमधल्या 'चुरुट्टु'चा भाऊ; त्याचा अर्थ गुंडाळी. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचा म्हणजे जुन्या त्रिचनापल्लीचा चिरूट ब्रिटिश काळात थेट इंग्लंडपर्यंत जायचा. इतका ओळखीचा, की १८८७ साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत होम्स राखेवरून ओळखतो की हा त्रिचनापल्ली होता! जवळचं बघायचं तर निपाणी. तिथली तंबाखू मुख्यतः बिडीची. बिडीतही मिश्रण असतंच, निपाणी पट्ट्यातला माल आणि गुजरातच्या चरोतरातला माल. म्हणजे पानाची पारख करणारी माणसं आपल्या मराठी मुलखातही पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

शौकीन चाखतात कसं?

नवा सिगार हातात आला की लगेच पेटवत नाहीत. आधी बोटांनी हलकं दाबून बघतात, कुठे पोकळ आहे का, कुठे गाठ आहे का. बाहेरच्या पानाचा वास घेतात. टोक कापून न पेटवताच एक ओढ घेतात, त्यात कधी गवतासारखा, कधी मनुक्यासारखा वास लागतो. मग पेटवतात, आणि मनातल्या मनात सिगारचे तीन हिस्से करतात: पहिला, मधला, शेवटचा. प्रत्येक हिस्स्याची नोंद वेगळी.

अशी नोंद साधारण या थाटाची असते: सुरुवातीला काळी मिरी, जरा झणझणीत, मध्ये मिरी मागे पडली आणि कॉफी, देवदाराचं लाकूड, भाजलेल्या दाण्यांचा वास पुढे आला, शेवटी चामडं, मातीचा वास, थोडा कडवटपणा. आता हाताने वळलेल्या पारंपरिक सिगारमध्ये कॉफी किंवा मिरी कोणी घातलेली नसते. शौकीन फक्त तुलना करतोय. ज्या वासाला स्वतःचं नाव नाही, त्याला ओळखीच्या वस्तूचं नाव देतोय. आपणही हेच करतो की! केसर आंबा खाल्ला की म्हणतो, "हापूसपेक्षा गोड आहे, पण हापूसचा वास नाही."

इथे शरीराचीही एक गंमत आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती 'उमामी' एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बराचसा वास असतो, तोंडाच्या मागून नाकात चढलेला. पटत नसेल तर आत्ता नाक घट्ट दाबा, चिमूटभर बडीशेप चावा आणि मग नाक सोडा. नाक सोडल्यावर बडीशेप 'येते'. म्हणूनच मुरलेले शौकीन थोडा धूर नाकावाटे सोडून बघतात. मसाला चाखणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: सर्दी झालेल्या माणसाला सॅम्पल देऊ नका.

एकच सिगार, चार मतं. का?

एकाच नव्या सिगारबद्दल एक जण लिहितो 'लोण्यासारखा मऊ', दुसरा लिहितो 'कडक आणि कोरडा'. दोघेही खरं बोलत असू शकतात. कारणं बघा.

पहिलं कारण, ओलावा. सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्याहून कोरडा झाला की भराभर जळतो आणि तिखट लागतो, दमट झाला की नीट जळतच नाही. आपल्या संभाजीनगरच्या मे महिन्यात उघडा ठेवलेला सिगार आणि जुलैमधला सिगार ही दोन वेगळी प्रॉडक्ट झाली.

दुसरं, वय. नुकताच वळलेला सिगार आणि डब्यात वर्षभर राहिलेला सिगार सारखा लागत नाही.

तिसरं, खाणाऱ्याचं तोंड. गोड चहानंतर चाखलं तर वेगळं, मटणाच्या रश्श्यानंतर वेगळं.

चौथं कारण सगळ्यात मोठं: किंमत. महागड्या सिगारला कागदी पट्टी असते, सोनेरी, नक्षीदार. ती पट्टी दिसली की माणूस चव शोधायला लागतो, आणि शोधली की सापडते! २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना तीच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. लोकांना ९० वाली जास्त आवडली. लोक खोटं बोलत नव्हते. मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी जोडलेला भाग जास्त काम करताना दिसला. किंमत खरोखरच चवीत मिसळते.

यावर सिगारवाल्यांनी उपाय काढला. १९९२ साली सुरू झालेलं 'सिगार अफिशिओनाडो' हे अमेरिकन मासिक १०० पैकी गुण देतं. चाखणाऱ्यांच्या हातात सिगार जातो तेव्हा मूळ पट्टी काढून त्याजागी नंबरची साधी पट्टी लावलेली असते. कंपनी कोणती, भाव काय, काही माहीत नाही. आधी गुण, मग नाव.

आपण काय करतो? पाऊचवर सोनेरी अक्षरं, हातात देतानाच सांगतो, "हा आमचा प्रीमियम आहे, साजूक सामान वापरलंय, जरा बघा." समोरचा बिचारा 'छान आहे' म्हणणार नाही तर काय म्हणेल?

पहिला घास फसवतो

तीन हिस्स्यांची पद्धत का महत्त्वाची, हे कोका-कोलाला फार महागात कळलं. १९८५ साली त्यांनी जुनी चव बदलून नवी, जास्त गोड चव आणली. आणण्याआधी जवळपास २ लाख लोकांना चाखायला दिली होती आणि नवी चव पुढे होती. तरी बाजारात आल्यावर लोक इतके भडकले की तीन महिन्यांच्या आत जुना कोक परत आणावा लागला. भावनेचा भाग मोठा होताच. पण त्यावर लिहिणाऱ्या अनेकांनी एक गोष्ट दाखवून दिली: एका घोटात गोड वस्तू जिंकते, अख्खा डबा संपवताना तोच गोडवा अंगावर येतो. चाचणी घोटाची, विक्री डब्याची.

मसाल्यात हेच होतं. तळहातावर चिमूटभर घेऊन चाटून बघितलेला मसाला आणि रात्री दुसऱ्यांदा गरम केलेल्या आमटीतला मसाला यांचा एकमेकांशी संबंध नाही.

नाव ठेवणारा भाव ठरवतो

आता जरा निपाणीकडे परत येऊ. तिथल्या तंबाखूच्या शेतकऱ्याचं दुखणं काय होतं? माल त्याचा, पण माल कसा आहे हे सांगायचा अधिकार व्यापाऱ्याचा. व्यापारी पान हातात घेणार, वास घेणार, आणि सांगेल तो भाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले. शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या आंदोलनामागे अनेक कारणं होती. धंद्याच्या बाजूने बघताना मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ज्याच्याकडे गुणवत्तेचे शब्द, त्याच्याकडे भावाची किल्ली.

सिगारच्या बाजारात ते शब्द उघड्यावर आले. मिरी, देवदार, चामडं हे शब्द ग्राहकालाही येतात, विकणाऱ्यालाही येतात. तुमच्या मालाबद्दल तुमच्याकडे शब्द नसतील, तर उद्या सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी येईल, चिमूटभर चाखेल आणि म्हणेल, "ठीक आहे, पण असे खूप येतात." मग त्याने सांगितलेला भाव तुम्ही घ्याल.

आता आपला माल: एका ताईंची येसर

आमच्या बॅचमधल्या एक ताई येसर करतात. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धान्यं आणि डाळी भाजून, मसाल्यासोबत दळून येसर होते, आणि तिची आमटी लग्नाच्या पंगतीत असायचीच. ताईंची साधी येसर ११० रुपयांना पाव किलो जात होती. त्यांना १८० ची प्रीमियम काढायची होती. त्यासाठी दगडफूल आणि नागकेशर वाढवलं, पाऊचमागे २२ रुपये खर्च चढला. वीस जणांनी चाखून 'छान' म्हटलं होतं. पाऊच छापायला टाकायच्या आधी आम्ही चार गोष्टी केल्या. तुम्हीही करू शकता, खर्च जवळपास शून्य.

एक. नाव आणि भाव झाकला. सारख्या वाट्या, त्यावर फक्त नंबर. १, २, ३ असे नंबर टाकू नका, लोकांना १ नंबर आपोआप चांगला वाटतो. ४७२, ८१५ असे आडवेतिडवे नंबर घ्या.

दोन. फरक खरंच कळतो का ते तपासलं. प्रत्येकाला तीन वाट्या आमटी: दोन सारख्या, एक वेगळी. प्रश्न एकच, "वेगळी कोणती?" याला त्रिकोणी चाचणी म्हणतात, मोठ्या फूड कंपन्या हीच वापरतात. नुसता अंदाज मारला तरी तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून १२ जणांमध्ये ४ बरोबर आले तर त्याला अर्थ नाही. १२ पैकी निदान ८ बरोबर आले तर म्हणायचं की फरक कळतोय. ताईंच्या चाचणीत ५ आले. म्हणजे २२ रुपयांचा जादा जिन्नस लोकांच्या जिभेपर्यंत पोचतच नव्हता.

तीन. तीन हिस्स्यांत विचारलं. आमटी गरम वाढल्यावर पहिला घास, जेवण संपताना, आणि रात्री तीच आमटी गरम करून. पहिल्या दोन वेळेस तक्रार नव्हती. रात्रीच्या वेळेस सात जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: मागून कडवट लागतं. 'छान' म्हणणाऱ्या वीस जणांना हे कधी विचारलंच नव्हतं. आम्ही भाजणीचे जिन्नस एकेक करून तपासले, खोबरं जास्त काळं होत होतं. ते थोडं आधी उतरवलं, कडवटपणा गेला.

चार. तुलना मागितली. "कशी आहे?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी, "ही चाखून कशाची आठवण होते?" असं विचारलं. एका मावशींनी पटकन सांगितलं, "पंगतीत शेवटच्या वाढपाला जी आमटी असते ना, आटून दाट झालेली, ती." आणखी तिघांनी पंगतच सांगितली. नागकेशराचं नाव कोणी घेतलं नाही.

मग हिशोब बदलला. जादा दगडफूल-नागकेशर काढलं, २२ रुपये वाचले. खोबऱ्याची भाजणी सुधारली. पाऊचवर 'प्रीमियम'ऐवजी 'पंगतीची येसर' आलं. भाव १८० वरून १४० वर आणला, कारण १८० ला साजेसं वेगळेपण लोकांना जाणवत नव्हतं हे आता कागदावर होतं. हजारऐवजी २०० पाऊच छापले. बचत गटाचं कर्ज काढायची वेळच आली नाही. आता आम्ही एकच आकडा बघतोय: दुसऱ्यांदा मागणारे किती.

जाता जाता, एक किडा

सिगारवाल्यांची झोप उडवणारा एक बारीक, तपकिरी भुंगा आहे. उबदार जागेत त्याची अंडी फुटतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. हाच भुंगा तुमच्या हळदीत, मिरचीत, धन्यातही होतो. सिगारवाले म्हणून माल थंड जागेत ठेवतात आणि नवा माल जुन्यात लगेच मिसळत नाहीत. आपल्याकडे मार्चपासून पत्र्याच्या खोल्या तापतात. तेव्हा कच्चा मसाला हवाबंद डब्यात, खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, आणि नवं पोतं आठवडाभर वेगळं. चवीची एवढी मेहनत घेऊन भोकं पडलेली हळद गिऱ्हाइकाच्या हातात गेली, तर तो चवीपर्यंत पोचणारच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा एक माल निवडा. १२ माणसं जमवा, त्यात नातेवाईक चारपेक्षा जास्त नकोत. वाट्यांवर नंबर टाका, भाव सांगू नका. सुरुवात, मध्य, शेवट असे तीन रकाने आखा. चौथा रकाना 'कशाची आठवण होते' याला. ज्या कागदावर फक्त 'छान' लिहिलेलं असेल तो बाजूला ठेवा आणि त्या माणसाला पुन्हा एकदा, वेगळ्या शब्दांत विचारा. कागद भरून झाले की बॅचला घेऊन या, किंवा फोटो काढून पाठवा. शनिवारच्या व्हिडिओत तीन जणांचे कागद घेऊन, नाव न सांगता, आपण सगळे मिळून वाचू. पाऊच मात्र तोपर्यंत छापायला टाकू नका.